वॉर्डबॉयचं गाणं

मागल्या बैठकीत ठरलं की या अंकात प्रत्येकानं एकेका कवितेवर लिहायचं. मी म्हणालो, मी गाण्यावर लिहितो. कुठल्या? अमेरिकेतल्या एका काळ्या माणसाच्या प्रेमगीतावर. त्यावर जो हशा झाला तो अजून कानात आहे. एक जण म्हणाला, "लेका, अंकाला पानं किती, कागदाला पैसे किती, अन् त्यात तू प्रेमगीत घालणार?" दुसरा जरा अभ्यासू. तो म्हणाला, "काळ्यांचंच घ्यायचं तर लढ्याचं गाणं घे. प्रेमाबिमाची गाणी पोट भरलेल्यांची."

मी तेव्हा गप्प बसलो. मला तोंडावर बोलता येत नाही. नंतर रात्रपाळीला साच्यावर उभं राहिलं की सगळी उत्तरं सुचतात. हे ते उत्तर आहे, जरा लांबलंय.

गाण्याचं नाव 'व्हेन अ मॅन लव्हज अ वुमन'. पुरुष बाईवर जीव टाकतो तेव्हा, एवढाच त्याचा अर्थ. गाणारा पर्सी स्लेज. साल १९६६. अमेरिकेत ज्याला ऱ्हिदम अँड ब्लूज म्हणतात त्या जातीचं हे गाणं. (जात हा शब्द मी मुद्दाम वापरलाय, का ते पुढे सांगतो.)

मी काही समीक्षक नाही. दहावीनंतर शाळा सुटली आणि सूतगिरणीत रिंगखात्याला लागलो. इंग्रजी म्हणाल तर कोश उघडून एकेक शब्द सोलून काढतो. राग, ताल, मात्रा मला कुणी शिकवल्या नाहीत. पण चारशे-पाचशे चात्या फिरत असताना धागा कुठे तुटला हे नजरेच्या आधी माझ्या बोटाला कळतं. गाणं ऐकताना मी तेच करतो, धागा कुठे ताणलाय आणि कुठे तुटतोय ते बघतो.

पहिल्यांदा ऐकलं ते पहाटे, पाळी सुटल्यावर, टपरीवर. आमच्या खात्यातल्या एका पोराच्या मोबाईलवर ते लागलं होतं. टपरीवाला म्हणाला, "हा रडतोय का गातोय?" याच्याहून चांगली समीक्षा मला अजून कुठे वाचायला मिळाली नाही.

आधी ऑर्गन सुरू होतो. चर्चमध्ये वाजावा तसा, पण चर्चचा मोठा ऑर्गन नाही, फारफिसा नावाचा विजेवर चालणारा छोटा बाजा आहे. तो वाजवणारा स्पूनर ओल्डहॅम. खालचे सूर जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तसे एकेक पायरी खाली येतात. आणि गळा मात्र उलटा. बाकीचे गायक खालच्या पट्टीत सुरू करतात, हळूहळू चढतात, शेवटाला वर पोचतात आणि मग टाळ्या घेतात. हा माणूस पहिल्या शब्दालाच वर उभा आहे. वाद्यं खाली ओढतात, गळा वर ओढतो. सुताचं असंच असतं. नुसती ओढ दिली तर पेळू तुटतो, नुसता पीळ दिला तर सुताला आकडी पडते. दोन्ही एकाच वेळी पाहिजेत. तीन मिनिटांच्या आत हे गाणं संपतं आणि तेवढा वेळ ही ओढ आणि हा पीळ कुठेही सैल पडत नाही.

दुसरी गोष्ट. या गाण्याला ध्रुपद नाही. बाजारात चालणाऱ्या गाण्याला ध्रुपद लागतं, लोकांच्या तोंडात बसायला. इथे तसं फिरून फिरून येणारं काही नाही. तो बोलत जातो. प्रेमात पडलेला पुरुष काय काय करील ते सांगत जातो. पैसा घालवील, दोस्त तोडील, सुखाची जागा सोडून पावसात पडून राहील, बाई वाईट निघाली तरी त्याला ते दिसणार नाही. बसस्टॉपवर भेटलेला अनोळखी माणूस अचानक आपली सगळी कर्मकथा सांगायला लागतो, तसं ते आहे. तुम्हाला उठून जाता येत नाही.

आता हा माणूस कोण ते सांगतो, कारण त्याशिवाय हे गाणं नीट ऐकू येत नाही.

पर्सी स्लेजचा जन्म २५ नोव्हेंबर १९४० चा, अलाबामा राज्यातल्या लेटन गावचा. अलाबामा म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतला कापसाचा मुलूख. ज्या कापसासाठी आफ्रिकेतून माणसं धरून आणून विकली गेली, तोच हा कापूस. (अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी झाली, तिकडचा कापूस अडला, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईच्या शेठ लोकांच्या तिजोऱ्या भरल्या. तिकडच्या गुलामाच्या कापसाशी इकडचा पैसा असा बांधलेला आहे. आमच्या गिरणीत हे कुणी सांगत नाही.) पर्सी लहानपणापासून शेतात राबला. त्यानं स्वतः सांगितलंय की या गाण्याची चाल तो फार आधीपासून गुणगुणत होता, कापूस खुरपताना आणि वेचताना. म्हणजे चाल शेतातली आहे. स्टुडिओ, कंपनी, रेकॉर्ड हे सगळं तिच्या नंतर आलं.

पुढे तो शेफील्ड या गावच्या इस्पितळात लागला. तिथे तो ऑर्डर्ली होता. ऑर्डर्ली म्हणजे काय म्हणून मी कोश उघडला. खाली लिहिलं होतं, इस्पितळातला परिचर. परिचर हा शब्द मी जन्मात कुणाच्या तोंडून ऐकला नाही. मग लक्षात आलं, अरे, हा तर वॉर्डबॉय!

माझा चुलता सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होता. स्ट्रेचर ढकलायचा, भांडी द्यायचा, मेलेल्याला बांधायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाला तेव्हाही तो बॉयच होता. पंचविशीतला डॉक्टर त्याला "ए बॉय" म्हणायचा आणि तो "जी साहेब" म्हणायचा. गिरणीत बॉबिना काढणाऱ्यांनाही पूर्वी डॉफर बॉय म्हणत, मिशा पिकलेल्यांना सुद्धा.

दक्षिण अमेरिकेत, म्हणजे संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात, काळ्या पुरुषाला गोरा माणूस 'बॉय' म्हणायचा. सत्तर वर्षांचा म्हातारा असला तरी बॉय. मिस्टर म्हणायचं नाही, नावापुढे आडनाव लावायचं नाही. १९६८ साली मेम्फिस शहरातले सफाई कामगार संपावर गेले. त्यांनी छातीवर जे फलक लावले त्यावर मागणी लिहिलेली नव्हती, पगाराचा आकडा नव्हता. आम्ही माणूस आहोत, पुरुष आहोत, 'मॅन' आहोत, एवढंच लिहिलं होतं. त्या संपाला पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग गेले आणि ४ एप्रिल १९६८ ला तिथेच त्यांना गोळी घातली.

आता गाण्याचं नाव पुन्हा वाचा. मेम्फिसच्या दोन वर्षं आधी अलाबामातला एक वॉर्डबॉय मायक्रोफोनसमोर उभा राहतो आणि त्याच्या गाण्याच्या सुरुवातीलाच 'मॅन' हा शब्द आहे. तो काळा पुरुष म्हणत नाही, गरीब पुरुष म्हणत नाही. पुरुष म्हणतो. असा असा पुरुष असतो, आणि तो असा जीव टाकतो. सगळ्या पुरुषजातीच्या वतीनं बोलायचा हक्क त्यानं कुणाला न विचारता घेतला. आमच्या अभ्यासू मित्राला यात लढा दिसत नाही. मला दिसतो. पर्सीनं तो ठरवून केला असं मी म्हणत नाही. त्याला बाई सोडून गेली होती, त्याच्या डोक्यात तेच होतं. पण शब्द बाहेर पडताना माणसाची अख्खी वस्ती त्याच्यामागे उभी असते.

आणि हे नाव आधी नव्हतं. पर्सीनं सांगितलेली हकिकत अशी. १९६५ च्या अखेरीला त्याचं बांधकामावरचं काम गेलं आणि मैत्रीण त्याला सोडून गेली. तो शनिवार-रविवारी इस्क्वायर्स कॉम्बो नावाच्या बँडमधून गायचा. तिथे हे गाणं आलं ते तक्रार म्हणून, बये तू मला सोडून का गेलीस, असं. नंतर ते बदललं. 'तू' गेली आणि 'पुरुष' आला. 'का गेलीस' हा प्रश्न गेला आणि 'प्रेम करणारा असा असतो' हे सांगणं आलं. आपल्यातल्या नव्या कवींनी या बदलाकडे बघावं. आपली पहिली कविता बहुधा तक्रारच असते, सावकाराविरुद्ध, पाटलाविरुद्ध, नाहीतर पोरीविरुद्ध. तक्रार खरी असते. पण ती तेवढ्यावर थांबली की ऐकणारा पंच होऊन बसतो, आणि आपण त्याच्यासमोर हात जोडून उभे. पर्सीचं गाणं पुढच्या पायरीवर गेलं म्हणून त्यात पंच कुणी उरला नाही. ऐकणाऱ्यालाही वाटतं, हे माझंच.

इस्पितळातल्या एका जुन्या पेशंटनं त्याची गाठ क्विन आयव्हीशी घालून दिली. आयव्ही गोरा, रेडिओवर गाणी लावणारा, शेफील्डमध्ये रेकॉर्डचं दुकान चालवणारा. त्यानं १९६५ मध्ये नोराला नावाचा छोटा स्टुडिओ काढला होता. तिथे १९६६ च्या सुरुवातीला हे गाणं ध्वनिमुद्रित झालं. गिटार आणि सहनिर्मिती मार्लिन ग्रीनची, ड्रम रॉजर हॉकिन्सचे, बेस ज्युनियर लोचा. सगळे गोरे. मसल शोल्स नावाचं गाव शेजारीच आहे आणि त्या परिसरातल्या या वादकांची पुढे मोठी ख्याती झाली. २०१३ च्या 'मसल शोल्स' या माहितीपटात पर्सी स्वतः दिसतो, म्हातारा, हसरा, पुढच्या दातात फट.

तिथले लोक सांगतात की स्टुडिओच्या आत रंग नव्हता, काळा-गोरा एकत्र वाजवायचे, गायचे. मी ते खोटं मानत नाही. वाजवताना तसं होत असणार. आमच्याकडेही साचा चालू असताना कुणाची जात कुणाला आठवत नाही, जेवणाचा डबा उघडला की आठवते. आत रंग नसेल, पण स्टुडिओ कुणाचा, कंपनी कुणाची, पावती कुणाच्या नावाची, याला रंग होता.

बाहेर तर होताच. १९६३ साली जॉर्ज वॉलेस या अलाबामाच्या गव्हर्नरनं शपथ घेतानाच काळ्या-गोऱ्यांची फाळणी कायम ठेवीन असं सांगितलं होतं. १९६५ च्या मार्चमध्ये सेल्मा गावच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्यांना पोलिसांनी झोडपलं. त्याच राज्यात लाउंड्स नावाचा तालुका आहे. वस्तीत शंभरात ऐंशी काळे, आणि १९६५ साल उजाडलं तेव्हा मतदार यादीत काळ्याचं एकही नाव नाही. तिथल्या लोकांनी आपला वेगळा पक्ष काढला. मतदार निरक्षर, म्हणून पक्षाला चित्राची खूण पाहिजे. गोऱ्यांच्या पक्षाची खूण पांढरा कोंबडा. यांनी काळा पँथर घेतला. ३ मे १९६६ ला त्यांनी स्वतःचे उमेदवार निवडले. तो पँथर तिथून ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला गेला आणि ब्लॅक पँथर पार्टी झाली. तिथून नाव आपल्याकडे आलं आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर झाली.

आता तारीख बघा. ३ मेनंतर पंचवीस दिवसांनी, २८ मे १९६६ ला, पर्सी स्लेजचं गाणं बिलबोर्ड साप्ताहिकाच्या यादीत साऱ्या अमेरिकेत पहिल्या नंबरावर होतं. एकच राज्य, एकच महिना. एकीकडे पँथरचं चित्र, दुसरीकडे हे रडकं प्रेमगीत. आमच्या अभ्यासू मित्राला विचारायचंय, लाउंड्समधल्या ज्या पोरांनी गोळीला न भिता पँथरवर शिक्का मारायचं ठरवलं, त्यांच्या घरात त्या महिन्यात रेडिओवर काय लागत असेल?

आता जातीचं. अमेरिकेत काळ्यांच्या रेकॉर्डची यादी पहिल्यापासून वेगळी असायची. पंक्ती वेगळी, भांडं वेगळं, तशी यादी वेगळी. बिलबोर्डमध्ये १९४५ पासून तिचं नाव होतं 'रेस रेकॉर्ड्स', वंशाच्या तबकड्या. १९४९ मध्ये तिथल्या जेरी वेक्सलर नावाच्या तरुण पत्रकारानं सुचवलं की हे बरं दिसत नाही, 'ऱ्हिदम अँड ब्लूज' म्हणूया. नाव गोड झालं. यादी वेगळीच राहिली. नावं बदलून मिळण्याचा अनुभव आपल्याला कमी नाही, जास्त लिहीत नाही. गंमत अशी की हाच वेक्सलर पुढे अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीचा कर्ताधर्ता झाला आणि १९६६ मध्ये शेजारच्या मसल शोल्सच्या रिक हॉल या स्टुडिओवाल्यानं त्याला फोन करून पर्सीचं गाणं घ्यायला लावलं. गाण्यामुळे अटलांटिकला तिची पहिली सोनेरी तबकडी मिळाली. आणि गाणं काळ्यांच्या यादीतही पहिलं, सगळ्यांच्या यादीतही पहिलं. दोन्ही पंक्तींना एकच वाढप.

एक गोष्ट सांगतात. वेक्सलर म्हणाला, मागची पितळी वाद्यं बेसूर आहेत, पुन्हा वाजवून घ्या. पुन्हा वाजवून घेतलं. पण गडबडीत पहिलीच टेप छापायला गेली. म्हणजे जगानं डोक्यावर घेतलं ते बेसूर. नीट कान देऊन ऐका, शेवटी शेवटी ती वाद्यं किंचित घसरलेली आहेत. मला तर ती तशीच हवीत. वरातीचा बँड पहाटेपर्यंत वाजवून थकला की असाच वाजतो.

इथपर्यंतची गोष्ट कुणालाही आवडेल. वॉर्डबॉय गातो, जग जिंकतो. पुढची गोष्ट लिहिण्यासाठी मी हा कागद धरलाय.

तबकडीवर गीतकार-संगीतकार म्हणून दोन नावं आहेत, कॅल्विन लुईस आणि अँड्र्यू राईट. पर्सी स्लेजचं नाव नाही. हे दोघं त्याच्याच बँडमधले, एक बेसवाला, एक ऑर्गनवाला. चोर नव्हेत. गाणं रचताना ते बरोबर होते, आणि पर्सीनं सांगितलंय की सगळं श्रेय त्यानंच त्यांना देऊन टाकलं. मित्र म्हणून, उपकार म्हणून. तेव्हा त्याला त्या कागदाची किंमत माहीत नव्हती. पुढे आयुष्यभर मुलाखती देताना तो सांगायचा की ती आपली मोठी चूक झाली, देवानं आपल्या तोंडून ते देववलं म्हणून तक्रार नाही, पण पोरांचा विचार करायला हवा होता.

किंमत काय ते सांगतो. अमेरिकेचा कायदा असा आहे की साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते लिहिणाऱ्याला, चाल लावणाऱ्याला आणि त्यांच्या प्रकाशकाला. गाणाऱ्याला एक सेंट नाही. आजही नाही. म्हणजे १९६६ पासून अमेरिकेतल्या रेडिओवर, रात्री-बेरात्री, ट्रकवाल्यांसाठी, फुटलेल्या प्रेमवीरांसाठी हे गाणं जितक्या वेळा वाजलं असेल, त्यातलं पर्सीच्या घरी काही आलं नाही. १९९१ मध्ये मायकेल बोल्टन या गोऱ्या गायकानं तेच गाणं गायलं, पुन्हा पहिल्या नंबरावर गेलं, पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी बक्षीस मिळालं. एकदा दुसऱ्यानं गायलं की पहिल्या गाणाऱ्याचा त्यात काही हक्क उरत नाही. बोल्टननं गळा ताणलाय, नाही असं नाही. पण त्यात पीळ आहे, ओढ नाही. सूत धरत नाही. १९९४ मध्ये गाण्याचं नुसतं नाव घेऊन हॉलिवूडनं सिनेमा काढला.

आणि सगळ्यात मला लागलेली गोष्ट. १९८७ मध्ये इंग्लंडात लिव्हाइसच्या जीन पँटच्या जाहिरातीला हे गाणं वापरलं. वीस वर्षांचं जुनं गाणं पुन्हा उसळून तिथल्या यादीत दुसऱ्या नंबरावर गेलं. पहिल्यावर होतं बेन ई. किंगचं 'स्टँड बाय मी', तेही जुनं, तेही काळ्याचं, तेही त्याच पँटच्या जाहिरातीतलं. जीन कशाची असते? कापसाची. कापूस खुरपताना गुणगुणलेली चाल, त्याच कापसाच्या पँटी विकायला! मी सूत काढतो, मला माहीत आहे की कापूस शेतातून निघाला की वेचणाऱ्याचं नाव त्याच्यावर राहत नाही. गाठीवर नंबर पडतो, सुतावर काउंट पडतो, कापडावर कंपनीचा शिक्का पडतो. चालीचंही तसंच झालं.

आता माझं सांगतो, हसू नका. चार वर्षांपूर्वी जयंतीला मी एका गायन पार्टीला गाणं लिहून दिलं. त्यांनी ते गायलं, लोक नाचले, मी गर्दीत उभा राहून ऐकलं. पुढे त्याचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा गीतकार म्हणून भलत्याचंच नाव. विचारायला गेलो. ते म्हणाले, "तूच दिलंस की." खरंच मीच दिलं होतं. एक चहा आणि पाठीवर एक थाप, एवढ्यावर दिलं होतं. आई म्हणाली, "गाणं समाजाचं असतं, नावाला काय करतोस?" आईला उत्तर देता आलं नाही. पण ज्याचं नाव तिथे लागलं त्याला तो समाज आता कवी म्हणतो, आणि मला साच्यावरचा पोरगा.

तेव्हा मला कळलं की आपल्या जुन्या लोकांनी शेवटच्या कडव्यात नाव का गुंफलं. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटी वामन येतो. तुकोबाच्या अभंगात तुका म्हणे येतं. देवळाबाहेर अडवलेल्या चोखोबाला आत घेतलं नाही, पण त्याच्या अभंगातून चोखा म्हणे कुणाला काढता आलं नाही, इतकी शतकं झाली तरी. ही छाप म्हणजे कवीचा गर्व आहे असं मला मास्तरांनी शाळेत सांगितलं होतं. गर्व कसला? ज्याला सातबारा नाही, दस्त नाही, वकील नाही, त्यानं आपल्या मालकीचा कागद गाण्याच्या पोटातच शिवून ठेवला. कडवं तोडल्याशिवाय तो काढता येत नाही. पर्सीच्या मुलखात ही रीत असती तर लुईस-राईटचं नाव कागदावर आणि पर्सीचं गाण्यात राहिलं असतं. पैसे मिळाले नसते, तरी बोल्टनला ग्रॅमीच्या गाण्यात पर्सीचं नाव घ्यावं लागलं असतं.

मी माझ्या त्या गाण्यात छाप घातली नव्हती. लाज वाटली होती.

लोक म्हणतील, पर्सीची छाप त्याच्या आवाजात आहे. आहे. पहिल्या शब्दाला ओळखू येतो. २००५ मध्ये त्याला रॉक अँड रोलच्या मानकऱ्यांत घेतलं ते त्या आवाजासाठीच. पण त्याला आयुष्यभर गावोगाव तेच एक गाणं गात हिंडावं लागलं, कारण गाईल त्या रात्रीचे पैसे, न गाईल त्या रात्रीचे नाहीत. आम्ही याला बदली कामगार म्हणतो.

स्तुती बरीच झाली, एक खटकलेलं सांगतो. या गाण्यात बाई बोलत नाही. तिच्यासाठी तो पावसात पडायला तयार आहे, पण ती कोण, का गेली, तिला काय पाहिजे होतं, काही नाही. पर्सीच्याच सांगण्याप्रमाणे ती मॉडेल व्हायला गेली. म्हणजे तिलाही त्या कापसातून आणि त्या गावातून सुटायचं होतं! तिचं गाणं कुणी लिहिलं नाही. गाणं ऐकताना ती वाईट ठरण्याच्या काठावर उभी असते आणि तो बिचारा ठरतो. त्याच वर्षी एस्तर फिलिप्स या काळ्या गायिकेनं हेच गाणं उलटवून गायलं, 'व्हेन अ वुमन लव्हज अ मॅन', बाई पुरुषावर जीव टाकते तेव्हा. शब्द थोडेच फिरले, पण वजन पार बदलतं. पुरुष सगळं उधळायला निघतो तेव्हा त्याला प्रेमवीर म्हणतात. बाई तेच करते तेव्हा ऐकणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही, कारण ती रोजच करते. आपल्या कवितेतही बाई बहुतेक वेळा आई असते, नाहीतर अत्याचार झालेली असते. तिला कुणावर जीव टाकताना, कुणाला सोडून जाताना मी आपल्या पानांत फार वाचलं नाही. माझ्या वहीतही नाही. हे माझ्यासकट म्हणतोय.

पर्सी स्लेज १४ एप्रिल २०१५ ला लुइझियानातल्या बॅटन रूज इथल्या घरी वारला, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. तारीख वाचून मी कोशासारखी ती दोनदा तपासली. त्या दिवशी मी शाळकरी पोरगा, निळा फेटा बांधून मिरवणुकीत नाचत होतो. त्याचं नावही मला माहीत नव्हतं. यात काही गूढ आहे असं मी मानत नाही, तारखा तीनशे पासष्टच असतात. पण आता दरवर्षी त्या रात्री मिरवणूक संपल्यावर, स्पीकर बंद झाल्यावर, मी ते गाणं एकदा ऐकतो.

राहिला प्रश्न प्रेमगीत आपल्या अंकात का. आमच्या मित्राचं म्हणणं की भुकेल्याला प्रेमाचं काय. मी म्हणतो, इस्पितळात दिवसभर दुसऱ्याची घाण उपसून आलेल्या माणसाला कुणीतरी सोडून गेलं म्हणून रडायची मोकळीक पाहिजे की नको? ती मोकळीक नाटकातल्या, कथेतल्या पांढरपेशांना जन्मापासून आहे. त्यांचा नायक प्रेमभंगानं झुरला तर चारशे पानांची कादंबरी होते. आमचा माणूस झुरला तर दारू प्यायला म्हणतात.

या लेखासोबत माझं एक प्रेमगीत जोडलंय. चार कडवी आहेत. आमच्या वाइंडिंग खात्यात काम करणारी आणि आता काम सोडून गेलेली एक मुलगी त्यात आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यात तीच बोलते. शेवटच्या कडव्यात माझं नाव आहे. जागा कमी पडली तर संपादकांनी वरचं कुठलंही कडवं गाळावं, ते गाळू नये.